संत्रं पडतं तेव्हा पृथ्वीही सरकते

बुलढाणा जिल्ह्यातल्या सोनाळ्याच्या बागेत आंबिया बहाराचं एखादं संत्रं देठातून सुटतं आणि धप्पकन खाली येतं. शेतकरी त्याला फळगळ म्हणतो. मग चौकशी सुरू होते: बुरशी लागली का, पाणी जास्त झालं का, रस शोषणारा पतंग आला का? गुरुत्वाकर्षणाला कोणी दोष देत नाही, आणि ते बरोबरच आहे. जमिनीची ओढ फळ धरल्या दिवसापासून चालूच होती. बिनसलं ते देठाशी. फळ आणि देठ यांच्या सांध्यावरचा पेशींचा पातळ थर सैल झाला, पकड सुटली आणि इतके महिने झाडाने तोलून धरलेलं वजन जमिनीच्या हवाली झालं.

त्या पडण्यातली एक गोष्ट मात्र बागेत उभं राहून कधीच दिसत नाही. पृथ्वी संत्र्याला जितक्या जोराने खाली ओढते, तितक्याच जोराने संत्रं पृथ्वीला वर ओढतं. थोडंफार नव्हे, तंतोतंत तितक्याच. दोनशे ग्रॅमचं फळ दोन मीटर खाली येतं तेव्हा अख्खी पृथ्वी, सातपुड्यासकट आणि समुद्रांसकट, त्याच्या दिशेने वर सरकते. किती? दशांश चिन्हापुढे पंचवीस शून्यं मांडायची आणि मग सहाचा आकडा, इतके मीटर. हे मोजू शकेल असं यंत्र जगात नाही. पण ते शून्य नाही, आणि मला या सगळ्या विषयात सर्वांत जास्त चक्रावून टाकणारी गोष्ट हीच वाटते.

माणसाला गुरुत्वाकर्षणावर काही परिणाम करता येतो का, असं कुतूहलाने विचारलं जातं तेव्हा मनात असते ती ते थोपवण्याची, उलटं फिरवण्याची, निदान थोडं कमी करण्याची कल्पना. त्याचं उत्तर नकारार्थी आहे. पण प्रश्न शब्दशः घेतला तर उत्तर असं की परिणाम न करणं आपल्या हातात नाही. ज्याला वस्तुमान आहे तो ओढतो. तुम्ही खुर्चीतून उठून दाराशी गेलात की घरातली गुरुत्वाची मांडणी बदलली. साठ-साठ किलोची दोन माणसं एक मीटर अंतरावर उभी असतील तर त्यांच्यातली ओढ सुमारे चोवीस मायक्रोग्रॅम वजनाएवढी भरते. एवढ्या ओढीने कोणी कोणाच्या अंगावर कोसळत नाही. पण २०२१ साली व्हिएन्नातल्या शास्त्रज्ञांनी जेमतेम दोन मिलिमीटर व्यासाच्या, सुमारे नव्वद मिलिग्रॅम सोन्याच्या गोळीची दुसऱ्या तशाच गोळीवरची ओढ प्रत्यक्ष मोजून दाखवली.

ही ओढ पार चंद्रापर्यंत तीच आहे, हे पहिल्यांदा आकड्यात बसवलं न्यूटनने. हिशेब इतका सोपा आहे की तो शाळेतल्या फळ्यावर मावतो. झाडावरून सुटलेली वस्तू पहिल्या सेकंदात ४.९ मीटर खाली येते. आपण पृथ्वीच्या केंद्रापासून जितके दूर आहोत त्याच्या साठपट दूर चंद्र आहे. अंतर साठपट, तर ओढ साठ गुणिले साठ, म्हणजे ३,६०० पटींनी कमी. ४.९ मीटरला ३,६०० ने भागलं की येतात सुमारे १.४ मिलिमीटर. आणि चंद्र खरोखर दर सेकंदाला सरळ वाटेपासून तेवढाच पृथ्वीकडे वळतो. त्याच सेकंदात तो आडवा एक किलोमीटर पुढे गेलेला असतो, म्हणून सतत पडत असूनही तो कधी येऊन आदळत नाही. संत्रं पडतं आणि चंद्र फिरतो, ही दोन कामं एकाच नियमाची आहेत.

इथे कोणीतरी भास्कराचार्यांचं नाव काढणारच, आणि काढावंच. ११५० साली पूर्ण झालेल्या 'सिद्धान्तशिरोमणी'त पृथ्वीला आकर्षणशक्ती आहे आणि त्या शक्तीने ती आकाशातली जड वस्तू आपल्याकडे ओढते, असं त्यांनी स्पष्ट लिहिलं आहे. चाळीसगावजवळ पाटणादेवीच्या परिसरातला शिलालेख सांगतो की त्यांचे नातू चांगदेव यांनी आजोबांच्या ग्रंथांच्या अध्ययनासाठी तिथे मठ काढला; तेरावं शतक नुकतं सुरू झालं होतं. मात्र 'न्यूटनच्या पाचशे वर्षं आधी सगळं आपल्याकडे होतं' हा व्हॉट्सअ‍ॅपवरचा निरोप पुढे धाडण्याआधी जरा थांबावं. ओढ अंतराच्या वर्गाच्या प्रमाणात कमी होते, आणि तीच ओढ चंद्राला बांधून ठेवते, हे भास्कराचार्य म्हणत नाहीत. त्यांनी जे म्हटलं ते पुरेसं मोठं आहे. त्यावर वरकडीची गरज नाही.

दुसरा गैरसमज असा की गुरुत्वाकर्षण सगळीकडे सारखंच असतं. सोनाळा साधारण एकविसाव्या अक्षांशावर आहे. इथली जमीन पृथ्वीच्या फिरण्याबरोबर ताशी दीड हजार किलोमीटरहून अधिक वेगाने पूर्वेकडे धावत असते. या गरगरण्यामुळे वजन थोडं हलकं होतं. शिवाय पृथ्वी मध्यावर फुगीर असल्यामुळे ध्रुवावरच्या माणसापेक्षा सोनाळ्याचा माणूस केंद्रापासून लांब असतो. परिणाम असा की ध्रुवावर पडणाऱ्या वस्तूचा वेग दर सेकंदाला ९.८३ मीटर प्रति सेकंद या दराने वाढतो, तर सोनाळ्यात तो दर ९.७९ च्या आत राहतो. साठ किलोचा सोनाळेकर ध्रुवावर जाऊन त्याच स्प्रिंगच्या काट्यावर उभा राहिला तर त्याचं वजन पाव किलोहून थोडं जास्तच वाढलेलं दिसेल.

जुन्या दोन पारड्यांच्या तराजूवर मात्र फरक पडणार नाही. तराजू एका वस्तुमानाची दुसऱ्याशी तुलना करतो, आणि ओढ कमी झाली तर दोन्ही पारड्यांत सारखीच होते. आज बाजार समितीत सोयाबीन आणि कापूस मोजणारा इलेक्ट्रॉनिक काटा प्रत्यक्षात दाब मोजतो. म्हणून तो ज्या भागात वापरायचा तिथल्या गुरुत्वाशी जुळवून घ्यावा लागतो. काटा मारणारे लोक असतात, पण गुरुत्वाकर्षण त्यांच्यात सामील नाही.

अक्षांशापेक्षाही मजेदार गोष्ट आहे ती डोंगराची. सोनाळ्याच्या उत्तरेला सातपुडा उभा आहे. आता गावात कुठे बांधकाम चालू असेल तिथे जाऊन गवंड्याचा ओळंबा बघा. दोरा ताणलेला, खाली टोकदार लोखंडी किंवा पितळी वजन, आणि गवंडी एक डोळा मिटून भिंत त्या दोऱ्याशी जुळवतोय. वजन जरा झुलतं, मग स्थिर होतं. तो दोरा बरोबर पृथ्वीच्या केंद्राकडे बोट दाखवतो, असं आपण समजतो. तो तसं करत नाही. पृथ्वी फिरते आणि ती पुरती गोल नाही, एवढं कारण त्याला पुरेसं आहे. त्यात सातपुड्याचा अब्जावधी टन दगड त्या वजनाला उत्तरेकडे ओढतोय. भिंतीला काही होत नाही. विचलन गवंड्याच्या डोळ्याला दिसण्याच्या कितीतरी पलीकडचं आहे. पण भूमापन करणाऱ्यांना ते दिसलं, आणि तेही याच वऱ्हाडात.

हिंदुस्थान मोजण्याचं प्रचंड काम १८०२ मध्ये मद्रासजवळ विल्यम लॅम्बटन याने सुरू केलं. दक्षिणेच्या टोकापासून त्रिकोणांची साखळी जोडत तो वीस वर्षं उत्तरेकडे सरकत राहिला आणि जानेवारी १८२३ मध्ये वर्धा जिल्ह्यातल्या हिंगणघाटला वारला. त्याची कबर तिथेच आहे. पुढे जॉर्ज एव्हरेस्टने ते काम हाती घेतलं. या मोजणीत प्रत्येक मोठ्या ठाण्यावर ताऱ्यांकडे बघून अक्षांश काढायचा असे. त्यासाठी 'थेट वर' म्हणजे कुठे हे आधी ठरवावं लागे, आणि ते ठरवायचं साधन शेवटी ओळंबाच. अचलपूरच्या बाजूला टाकलखेडा नावाचं एक ठाणं होतं, साधारण सोनाळ्याच्याच अक्षांशावर, पण पूर्वेला. तिथे उत्तरेकडचे डोंगर ओळंब्याला आपल्याकडे खेचताहेत आणि त्यामुळे आकडे बिघडताहेत, हे एव्हरेस्टच्या ध्यानात आलं. आपल्या ओळखीच्या सातपुड्याने विलायती यंत्रांना चकवलं होतं.

खरा घोळ पुढे हिमालयाजवळ झाला. सिरोंजजवळचं कल्याणपूर आणि मुझफ्फरनगरजवळचं कलियाना या दोन ठाण्यांमधलं अंतर जमिनीवरून मोजून एक आलं आणि ताऱ्यांवरून काढून दुसरं. फरक ५.२३६ विकलांचा, म्हणजे जमिनीवर सुमारे १६० मीटरचा. सहाशे किलोमीटरांत एवढा फरक दुसऱ्या कोणी हसून सोडून दिला असता, हे लोक तसे नव्हते. कलकत्त्याचे एक धर्मगुरू, जॉन हेन्री प्रॅट, गणितात तरबेज होते. हिमालयाचं दिसणारं वस्तुमान धरून दोन्ही ठाण्यांवरच्या ओळंब्यांच्या झुकण्यात किती फरक पडायला हवा, हे त्यांनी कागदावर काढलं. उत्तर आलं १५.८८५ विकला. म्हणजे हिमालय ओढत होता खरा, पण जेवढं ओढायला हवं त्याच्या जेमतेम एकतृतीयांश. एवढा मोठा पर्वत आणि ओढ एवढीशी? १८५५ मध्ये जॉर्ज एअरी यांनी त्याचा उलगडा सुचवला: पर्वताला खाली मुळं असतात. डोंगराखालचा हलका खडक खोलवर गेलेला असतो आणि भोवतालच्या जड द्रव्यात जणू तरंगत असतो. वर जेवढं जास्त दिसतं, तेवढी खाली घट असते. ओळंब्याच्या दोऱ्याने जमिनीखालचे कित्येक किलोमीटर असे उघडे करून दाखवले. भूगर्भशास्त्राचा एक पायाच त्या पाच विकलांच्या घोळातून घातला गेला. अशी गोष्ट कळली की साध्या मोजणीबद्दल माणसाला आदर वाटू लागतो.

बुलढाणा जिल्ह्यातच याचं उलट उदाहरण आहे. लोणारला अवकाशातून आलेल्या दगडाने बेसॉल्टमध्ये सुमारे १.८ किलोमीटर व्यासाचा खड्डा पाडला. तिथे गुरुत्वमापक घेऊन फिरलं की विवरावर ओढीचा गोल आकाराचा उतार सापडतो, कारण घट्ट कातळाच्या जागी आता भुगा झालेला खडक, गाळ आणि पाणी आहे. दगड पडला गुरुत्वाने आणि त्याने गुरुत्वाचा खड्डाही पाडून ठेवला. याहून मोठा खड्डा बघायचा तर श्रीलंकेच्या दक्षिणेला हिंदी महासागरात. तिथे ओढ इतकी कमी आहे की समुद्राची सरासरी पातळीच अपेक्षेपेक्षा सुमारे शंभर मीटर खाली आहे. जहाज त्यावरून जातं आणि खलाशाला पत्ताही लागत नाही.

आता आपल्या विहिरीकडे येऊ, कारण माणसाचा हात खराखुरा तिथे लागतो. सातपुड्याच्या पायथ्याशी डोंगरातून वाहून आलेले दगडगोटे आणि वाळू यांचा पट्टा आहे; पावसाचं पाणी त्यात झटकन मुरतं. दक्षिणेकडे पूर्णेच्या खोऱ्यात शेकडो मीटर जाडीचा गाळ साठलेला आहे, आणि त्यात पुढे खारपाणपट्टा लागतो. केळी आणि संत्र्याच्या बागा या पायथ्याच्या गोड पाण्यावर उभ्या राहिल्या. विहिरी, मग बोअर, मग अधिक खोल बोअर. पाण्याची पातळी खाली गेली म्हणजे काय झालं? जमिनीतल्या फटींमधलं पाणी निघून गेलं आणि त्या जागी हवा आली. पाण्याला वजन आहे, म्हणजे ओढही आहे. ती गेली.

किती गेली, तेही काढता येतं. परिसरातली पातळी सगळीकडे सारखी दहा मीटर उतरली, आणि जमिनीच्या शंभर भागांत दहा भाग पाणी सुटणारं होतं असं धरू. म्हणजे एक मीटर जाडीचा पाण्याचा अखंड थर आपल्या पायाखालून नाहीसा झाला. तेवढ्याने गुरुत्वाकर्षण सुमारे बेचाळीस मायक्रोगॅलने घटतं. अनोळखी माप वाटलं तरी त्याचा अर्थ सोपा आहे: साठ किलोचा माणूस अडीच मिलिग्रॅमने हलका होतो. संक्रांतीच्या लाडवातला एक तीळ साधारण तेवढाच असतो. गावाचं पाणी आटलं की प्रत्येक गावकरी एका तिळाने हलका होतो, आणि चांगला पावसाळा झाला की तो तीळ परत मिळतो. हा विनोद नाही. निर्वात नळीत आरसा खाली सोडून लेसरने त्याचं पडणं मोजणारी गुरुत्वमापकं दोन-तीन मायक्रोगॅलपर्यंतचा फरक ओळखतात. त्यांच्यापुढे बेचाळीस म्हणजे ठळकच.

धरणाचंही तसंच. बुलढाणा-अकोल्याच्या शिवेवर वारी हनुमानजवळ वान नदीवर धरण आहे, हनुमान सागर. ते भरलं की ऐंशी दलघमीच्या वर पाणी साठतं, म्हणजे आठ कोटी टनांहून जास्त वजन काही महिन्यांत एका जागी येऊन बसतं. पंधरा किलोमीटर लांबवर एक किलोमीटर लांबीच्या दोऱ्याचा ओळंबा टांगला, तर भरलेलं धरण त्याचं टोक आपल्याकडे मिलिमीटरच्या हजार भागांपैकी दोन-अडीच भाग ओढून घेईल. पाटबंधारे खात्याने असा काही उद्देश ठेवला नसणार.

एका गावाचं पाणी आकाशातून मोजता येत नाही, पण एका प्रदेशाचं येतं. १७ मार्च २००२ रोजी ग्रेस नावाचे दोन उपग्रह सोडले गेले. ते एकामागोमाग सुमारे २२० किलोमीटर अंतर राखून पृथ्वीभोवती फिरत. त्यांच्या खाली कॅमेरा नव्हता. ते फक्त एकमेकांमधलं अंतर मोजत, मिलिमीटरच्या हजाराव्या भागाइतक्या बारकाईने. पुढचा उपग्रह जड प्रदेशाजवळ आला की तो थोडा पुढे खेचला जाई आणि अंतर वाढे. मग मागचा खेचला जाई आणि अंतर कमी होई. या पुढे-मागे होण्यावरून खाली कुठे किती वस्तुमान आहे याचा नकाशा दर महिन्याला तयार होई. पावसाळ्यानंतर भारत जड होतो आणि उन्हाळ्यात हलका, हे त्या नकाशावर लख्ख दिसे. त्या उपग्रहांचं काम २०१७ मध्ये संपलं. २०१८ पासून त्यांची पुढची जोडी तेच करते आहे.

२००९ मध्ये या मोजणीतून जे बाहेर आलं त्याने आपली झोप उडायला हवी होती. राजस्थान, पंजाब, हरियाणा आणि दिल्ली या पट्ट्यातून ऑगस्ट २००२ ते ऑक्टोबर २००८ या सहा वर्षांत १०९ घन किलोमीटर भूजल नाहीसं झालं होतं. जायकवाडी धरण काठोकाठ भरलं तर त्यात सुमारे २.९ घन किलोमीटर पाणी मावतं. म्हणजे सदतीस जायकवाड्या, मोटारींनी उपसून संपवलेल्या. कोणत्याही तलाठ्याने नोंद केली नाही, कोणत्याही मीटरवर आकडा आला नाही. किती पाणी गेलं हे समजलं ते तिथलं गुरुत्वाकर्षण कमी झालं म्हणून. २०२३ मध्ये त्यापुढची गोष्ट प्रसिद्ध झाली: १९९३ ते २०१० या काळात जगभर उपसलेल्या सुमारे २,१५० अब्ज टन भूजलामुळे पृथ्वीच्या आसाचं टोक जवळपास ऐंशी सेंटिमीटर सरकलं, आणि त्यात वायव्य भारताचा वाटा मोठा होता. वीज आली की मोटार सुरू करायची, एवढंच आपण केलं होतं.

मग ओढ थोपवण्याचं काय? त्यासाठीही माणसं झटली आहेत. अमेरिकेतले पैसेवाले रॉजर बॅबसन यांची बहीण लहानपणी नदीत बुडून वारली. त्यांनी त्याचा राग गुरुत्वाकर्षणावर काढला आणि १९४० च्या दशकाच्या अखेरीस एक संस्था काढून गुरुत्व अडवणारा पदार्थ शोधण्यासाठी निबंधस्पर्धा सुरू केली. १९५३ चं पहिलं बक्षीस ब्राइस डीविट यांना मिळालं, आणि निबंधात त्यांनी लिहिलं काय, तर असा पदार्थ शोधणं हा वेळेचा अपव्यय आहे! संस्थेने बक्षीस दिलं, ही त्या संस्थेची मोठी गोष्ट. विजेला अडवता येतं, कारण विजेचे भार धन आणि ऋण असे दोन प्रकारचे असतात आणि एकाने दुसऱ्याला खोडता येतं. वस्तुमान एकाच प्रकारचं आहे. प्रतिपदार्थ तरी वर जाईल, अशी काहींना आशा होती. सप्टेंबर २०२३ मध्ये सर्नच्या प्रयोगाने तीही निकालात काढली: प्रति-हायड्रोजनचे अणू मोकळे सोडले, तर तेही मुकाट्याने खालीच पडले. अवकाशस्थानकातले अंतराळवीर तरंगतात ते तिथे गुरुत्व नाही म्हणून नव्हे. त्या उंचीवर जमिनीवरची नव्वद टक्के ओढ शिल्लक असते. ते आणि त्यांचं यान एकत्रच पडत असतं, चंद्रासारखं.

न्यूटनने ओढ किती ते सांगितलं, ती कशी पोहोचते ते सांगितलं नाही. ते १९१५ मध्ये आइन्स्टाइनने सांगितलं. हे समजावताना ताणलेल्या चादरीवर जड चेंडू ठेवून दाखवतात. मला ते उदाहरण कधी पटलं नाही, कारण चादर खाली वाकते ती गुरुत्वामुळेच. ज्याचा उलगडा करायचा तेच आधी गृहीत धरलेलं. आइन्स्टाइनचं म्हणणं त्याहून विलक्षण आहे. वस्तुमानाजवळ काळच हळू चालतो. जमिनीलगतचा क्षण फांदीवरच्या क्षणापेक्षा किंचित लांब असतो, आणि मोकळी सोडलेली वस्तू काळाच्या या फरकाच्या वाटेने आपसूक खाली येते. आयुष्यभर उभं राहिलेल्या माणसाचं डोकं पायांपेक्षा ऐंशी वर्षांत सेकंदाच्या एक कोटी भागांपैकी चारेक भागांनी म्हातारं होतं. केवळ ३३ सेंटिमीटर वर उचललेलं अणुघड्याळ पुढे धावताना अमेरिकेतल्या प्रयोगशाळेने २०१० मध्येच पकडलं आहे. मोबाइलमधल्या नकाशाला वाट दाखवणाऱ्या उपग्रहांची घड्याळं उंचीमुळे आणि वेगामुळे मिळून दिवसाला ३८ मायक्रोसेकंद पुढे जातात. ती दुरुस्ती केली नाही तर एका दिवसात गाव दहा किलोमीटर चुकेल. त्या हिशेबात सोनाळ्याचा रस्ता विचारणाऱ्याला गाडी थेट पुढच्या तालुक्यात लावावी लागेल.

मराठी माणसाचा या शास्त्राशी संबंध वरवरचा नाही. कोल्हापुरात जन्मलेल्या जयंत नारळीकरांनी १९६४ मध्ये फ्रेड हॉईल यांच्याबरोबर गुरुत्वाकर्षणाचा वेगळा सिद्धान्त मांडला: वस्तूचं वस्तुमान हे विश्वातल्या बाकी सगळ्या वस्तूंच्या अस्तित्वामुळे ठरतं. तो सिद्धान्त आज मुख्य प्रवाहात नाही. पण त्यांनी १९८८ मध्ये पुण्यात उभी केलेली आयुका ही संस्था आहे, आणि तिथे संजीव धुरंधर यांनी गुरुत्वाकर्षणात उठून दूरवर पसरणारी, पण गोंगाटात बुडालेली गुरुत्वीय लहर ओळखायची गणिती रीत कितीतरी आधी घडवत आणली. १४ सप्टेंबर २०१५ रोजी अमेरिकेतल्या लायगो नावाच्या यंत्रांनी पहिली लहर पकडली तेव्हा चार किलोमीटर लांबीच्या बाहूंमध्ये जो बदल झाला तो प्रोटॉनच्या व्यासाच्या शंभराव्या भागाहूनही कमी होता. सव्वाशे कोटी वर्षांहून जास्त काळ प्रवास करून ती लहर आली होती, दोन कृष्णविवरांच्या टकरीतून. नारळीकर गेले २० मे २०२५ रोजी.

तसंच यंत्र आता हिंगोली जिल्ह्यात औंढा नागनाथजवळ होणार आहे. केंद्र सरकारने २०१६ मध्ये तत्त्वतः आणि एप्रिल २०२३ मध्ये २,६०० कोटी रुपयांच्या खर्चाला मान्यता दिली. सोनाळ्याहून वाशिमची वाट धरली की औंढा काही परदेश नव्हे. आणि माणसाच्या गुरुत्वाकर्षणाची खरी दखल घेणारी जागा हीच असेल. लायगोच्या प्रणेत्यांपैकी एक, किप थॉर्न, यांनी कॅरोली विन्स्टीन या शरीराच्या हालचालींच्या अभ्यासक बाईंबरोबर १९९९ मध्ये एक हिशेब केला होता: माणसाच्या रोजच्या हालचालींपैकी या यंत्राला सर्वांत जास्त त्रास कशाचा? पळण्याचा नव्हे, उड्यांचा नव्हे. साध्या चालण्याचा. एका पायावरचं वजन दुसऱ्यावर घेण्याच्या सुरुवातीला आणि शेवटी शरीराला जो बारीक हिसका बसतो, त्याने माणसाची ओढ सेकंदाला दोनदा झटकन बदलते, आणि तो बदल हवेतून नव्हे, जमिनीतून नव्हे, थेट गुरुत्वातून आरशांपर्यंत पोहोचतो. कोणतीही भिंत तो अडवू शकत नाही. थॉर्न यांचा सल्ला असा की यंत्र चालू असताना माणसांना आरशांपासून दहा मीटरांहून लांब ठेवा. उद्या औंढ्याला पाहुणे म्हणून गेलात आणि तिथल्या कोणी तुम्हाला मागे उभं राहायला सांगितलं, तर रागावू नका; तुमचं वजन तिथे खरोखर पडतं.